पोहोचल्यानंतरचे पाच दिवस

आषाढ शुद्ध दशमीला संतांच्या पालख्या पंढरपुरात दाखल होतात, एकादशीला पहाटे शासकीय महापूजा होते आणि त्याच दिवशी दुपारनंतर उरलेल्या महाराष्ट्राच्या लेखी वारी संपते. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या परतीला लागतात, एसटीची तात्पुरती यात्रा स्थानके ओसंडून वाहू लागतात, द्वादशीच्या वर्तमानपत्रांत महापूजेचे छायाचित्र आणि विठ्ठलाला घातलेले साकडे छापून येते, आणि त्रयोदशीपासून पंढरपूर बातम्यांतून दिसेनासे होते. वारकरी परंपरेच्या हिशेबात मात्र एकादशी हा वारीच्या शेवटाचा पहिला दिवस आहे. पालख्या पौर्णिमेपर्यंत पंढरपुरातच मुक्कामाला असतात, पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, आणि त्यानंतरच त्या माघारी फिरतात.

यातली एक गोष्ट वारीबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या माउलींच्या पादुकांमागे लाखो माणसे आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत येतात, त्या पादुका एकादशीला चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा करतात. त्यांची मंदिरात जाऊन विठ्ठलाशी होणारी भेट पौर्णिमेची आहे. ज्यांच्या सोबतीने आपण चालत आलो त्या संताची देवाशी भेट होण्याआधीच बहुतेक जण घरी पोहोचलेले असतात. लोकांनी घाई केली म्हणून हे घडते असे म्हणून मोकळे होता येणार नाही. गेल्या काही दशकांत आपण वारीच्या वाटेवर जेवढे लक्ष दिले, तेवढे ती जिथे पोहोचते तिथल्या मुक्कामावर दिले नाही, आणि पंढरपुरात थकलेल्या माणसाला पाच दिवस राहता येईल अशी व्यवस्था केली नाही, हे त्यामागचे मोठे कारण आहे. दशमी ते पौर्णिमा हा काळ शासनाने आणि मंदिर समितीने एकच सलग यात्राकाळ मानावा, आणि त्याचे नियोजन दर्शनाच्या रांगेऐवजी मुक्कामाभोवती करावे, अशी माझी मागणी आहे.

एवढे चालून आलेला माणूस नेमका कशासाठी आलेला असतो, याचा विचार केल्याशिवाय ही मागणी पटणार नाही. वाखरी हा पंढरपूरच्या अलीकडचा शेवटचा तळ. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या पालख्या इथे जमतात आणि नामदेवांची पालखी पंढरपुरातून त्यांना सामोरी येते. दशमीला दुपारी तिथून पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या पाहिल्या की एक गोष्ट जाणवते. अंतर पाच-सहा किलोमीटरच उरलेले असते, पण चाल मंदावते. कुणी टाचेला बांधलेली चिंधी सोडून पुन्हा आवळते, कुणी डोक्यावरचे तुळशीवृंदावन क्षणभर शेजारणीकडे देते आणि लगेच परत मागून घेते. इसबावीच्या पुढे कळस दिसला म्हणून कुणीतरी हात जोडतो, की त्याच्यामागची सगळी ओळ थांबून हात जोडते. मग माणसे एकमेकांच्या पाया पडू लागतात. सासू सुनेच्या पाया पडते, विणेकरी टाळकऱ्याच्या, वाटेत भांडण झालेला भांडण झालेल्याच्या. पोहोचणे म्हणजे काय हे मला या दृश्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसलेले नाही. आणि हे सारे मंदिराच्या दारापासून बरेच दूर, रस्त्यावर घडते.

तरीही प्रशासनाच्या भाषेत पोहोचणे म्हणजे दर्शन, आणि दर्शन म्हणजे रांग असे समीकरण पक्के झाले आहे. दर वर्षी आढावा बैठकांत चर्चा होते ती रांग गोपाळपूरच्या पत्राशेडच्या किती पुढे गेली, दर्शनाला किती तास लागले आणि मिनिटाला किती भाविक पुढे सरकले याची. या चर्चेला साध्या गणिताची मर्यादा आहे. एका सेकंदाला एक याप्रमाणे अखंड चोवीस तास माणसे विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून पुढे गेली, तरी दिवसाला ८६,४०० जणांचे दर्शन होईल. आषाढीला पंढरपुरात दहा लाख माणसे येतात असे धरले, तर या अशक्य वेगानेही सर्वांचे पदस्पर्शदर्शन व्हायला साडेअकरा दिवस लागतील. म्हणजे कितीही मंडप बांधले, टोकन दिले, रांगेवर पत्रे घातले, तरी आषाढीला आलेल्या बहुसंख्य माणसांना गाभाऱ्यात जाता येणारच नाही. हे वारकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. म्हणूनच कळसाचे दर्शन घेऊन, नामदेव पायरीवर माथा टेकवून आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीला हात लावून वारी पुरी झाली असे मानणारा वर्ग मोठा आहे, आणि त्याला आपले काही राहून गेले असे वाटत नाही.

रांगेची व्यवस्था करू नये असे मी म्हणत नाही. तासन् तास उभ्या राहणाऱ्या माणसाला पाणी, सावली आणि बसायला जागा मिळालीच पाहिजे, आणि त्याच्या पुढे कुणी ओळखीने घुसता कामा नये. आषाढीच्या काळात अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दर्शन बंद ठेवण्याच्या घोषणा होतात, त्या काटेकोरपणे पाळल्या जाव्यात. हे मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले होते. तिथे आज अधिकाराच्या बळावर रांग ओलांडली जाणे अधिकच खटकते. पण रांग कितीही सुधारली तरी ती अल्पसंख्यांची सोय राहणार आहे. उरलेल्या लाखोंच्या दृष्टीने पंढरपूर म्हणजे जिथे पडशी खाली ठेवायची ती जागा, आणि तिची दशा काय आहे हा खरा प्रश्न आहे.

एकादशीच्या दुपारी चंद्रभागेच्या काठावर उभे राहिले तर तो प्रश्न डोळ्यांना दिसतो. स्नान करून वर आलेल्या बायका चार जणींनी धरलेल्या लुगड्याच्या आडोशाला कपडे बदलतात. ओले लुगडे वाळत घालायला जागा नसते, म्हणून ते बॅरिकेडवर, थांबलेल्या ट्रकच्या कडीवर, कुणाच्या तरी ओट्याच्या कठड्यावर पसरलेले असते, आणि ते वाळेपर्यंत त्या तिथून हलू शकत नाहीत. वारीत स्त्रियांची संख्या मोठी आहे, त्यातल्या कित्येक साठीच्या पुढच्या आहेत, आणि शौचालयाला जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणे हा त्यांनी वाटेवर लावून घेतलेला नेम पंढरपुरातही सुटत नाही. ज्या नदीत त्या स्नान करतात तिला त्या दिवसांपुरते पाणी मिळावे म्हणून उजनी धरणातून ते सोडावे लागते. नदी स्वच्छ करण्यासाठी २०१६ साली ‘नमामि चंद्रभागा’ या नावाने योजनाही जाहीर झाली, पण काठावर उभे राहून नदीकडे पाहिले तर तिचा परिणाम कुठे शोधायचा हे कळत नाही.

यात काहीच सुधारलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंढरपुरातील अस्वच्छतेत आणि हाताने मैला उचलण्याच्या प्रथेत उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, वाळवंटातील, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूवरील, मुक्कामांवर निर्बंध आले, आणि नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ दिंड्यांसाठी विकसित झाला. तिथे आखलेले प्लॉट, नळ आणि दिवे आहेत, शौचालये आहेत. जागा आखून दिली की लाखो माणसे शिस्तीने राहतात, याचा हा तळ म्हणजे उत्तम पुरावा आहे. खंत एवढीच की अशी व्यवस्था एकादशीच्या गर्दीसाठी उभी राहते आणि त्या गर्दीबरोबरच सैल पडते. पाण्याचे टँकर, फिरती आरोग्यपथके, झाडलोटीची माणसे यांचा जोर द्वादशीनंतर कमी होतो, आणि मागे राहिलेल्या वारकऱ्याला आपण आता इथे नकोसे झालो आहोत हे न सांगता कळते.

यावर मला नेहमी ऐकायला मिळणारे उत्तर असे की, वारकरी तक्रार करत नाही, कष्ट हाच वारीचा भाग आहे, सुखसोयी केल्या तर वारीची सहल होईल. हे उत्तर देणारे बहुधा स्वतः पायी चाललेले नसतात. चालण्याचे कष्ट वारकऱ्याने स्वतः निवडलेले आहेत आणि ते त्याच्या व्रताचे अंग आहे. शौचालय नसणे, दूषित पाणी प्यावे लागणे, रात्री पावसात रस्त्याच्या कडेला बसून राहावे लागणे हे कुणी निवडलेले नाही आणि कोणत्याही संताने ते सांगितलेले नाही. श्रमलेल्याला विश्रांती द्यावी हे तर पंढरपूरच्या देवाच्याच नित्यक्रमात आहे. यात्राकाळात विठ्ठलाचा पलंग काढला जातो, शेजारती बंद होते, देव रात्रंदिवस उभा राहतो म्हणून त्याच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या देतात, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा करून देवाचा शीण उतरवतात. ज्या परंपरेने पाषाणमूर्तीच्या थकव्याची इतक्या मायेने काळजी घेतली, तिच्या नावाने चालून आलेल्या म्हातारीच्या थकव्याकडे दुर्लक्ष करण्याचे समर्थन करता येत नाही.

गेल्या काही वर्षांत वारीवर होणारा सार्वजनिक खर्च वाढला आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही प्रमुख पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि त्यात पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टीची तरतूद आहे. २०२४ मध्ये शासनाने दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. वाटेवर फिरती शौचालये, आरोग्यकेंद्रे, पाऊस आला तर थांबण्याचे निवारे यांची संख्या पूर्वीपेक्षा निश्चित जास्त आहे. पण हा सगळा ओघ चालत्या पालखीबरोबर चालतो आणि पालखी थांबली की आटतो. चालत्या वारीचे चित्र डोळ्यांना सुखावते, तिच्यावर ड्रोन फिरवता येतो, रिंगणात धावणारा अश्व सगळ्यांना आवडतो; त्रयोदशीला एखाद्या मठाच्या ओवरीत पाय शेकत बसलेल्या माणसांचे असे चित्र होत नाही. सार्वजनिक पैसा दृश्याच्या मागे जातो हे आपल्याकडे इतरत्रही घडते, परंतु वारीच्या बाबतीत त्याने एका जुन्या मुक्कामाचा अर्थच पातळ केला आहे.

हा मुक्काम पूर्वी कसा भरलेला असे हे अजूनही काही फडांवर, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांच्या मुक्कामी, आणि मठांत पाहायला मिळते. एकादशीचा जागर, द्वादशीला उपवास सोडण्याचे पारणे आणि त्याला पुरणपोळी, मग पौर्णिमेपर्यंत सकाळ-संध्याकाळ कीर्तन आणि प्रवचन. वाटेवर जे बोलणे होत नाही ते इथे होते. कोण या वर्षी आला नाही, कोणाचे काय झाले, कोणाच्या मुलीचे जमवायचे आहे, पुढच्या वर्षी विणा कोणाच्या गळ्यात द्यायचा हे सगळे या दिवसांत ठरते. नव्याने माळ घालणारा तरुण वाटेवर चालायला शिकतो, आणि अभंगाचा अर्थ त्याला या मुक्कामात उमगतो. दिंडी ही संस्था म्हणून टिकली ती याच दिवसांमुळे असे माझे मत आहे, आणि म्हणूनच हा मुक्काम आटला तर वारी चालू राहील पण वारकरी संप्रदाय पातळ होईल, ही भीती मला अतिशयोक्तीची वाटत नाही.

आज अनेक दिंड्यांची भिशी, म्हणजे एकत्र जेवणाची व्यवस्था, द्वादशीच्या पारण्याबरोबर आटोपते. वेळेवर पाऊस झाला असेल तर पेरणी उरकून आलेल्या शेतकऱ्याला कोळपणी-खुरपणी खुणावत असते. नोकरदाराची रजा संपलेली असते. ही कारणे खरी आहेत आणि सगळ्यांना पौर्णिमेपर्यंत थांबवता येणार नाही, थांबवूही नये. पण ज्याला थांबायचे आहे त्यालाही जागेचे भाडे परवडत नाही आणि एसटीची जादा गाडी द्वादशीनंतर मिळेल की नाही याची खात्री नसते, तेव्हा त्याचे निघणे हा त्याचा निर्णय राहत नाही. शिवाय सगळे एकाच वेळी निघाल्यामुळे एकादशीच्या संध्याकाळपासून पुढच्या दीड दिवसात शहराच्या रस्त्यांवर आणि बसस्थानकांवर जी कोंडी होते, ती दशमीच्या आगमनापेक्षा अधिक धोक्याची असते, कारण येताना माणसे दिंडीच्या शिस्तीत असतात आणि जाताना सुटी-सुटी. जादा गाड्या पौर्णिमेपर्यंत रोज थोड्या थोड्या सोडल्या, तर ही कोंडी आपोआप फुटेल. गर्दी लवकर पांगवली की धोका टळतो ही प्रशासनाची समजूत मला फार जुनी वाटते. इंग्रजी अमदानीत पटकीच्या साथींच्या भीतीने पंढरपूरच्या यात्रेकडे रोगाचे मूळ म्हणून पाहिले गेले आणि यात्रेकरूंवर करही बसला. तेव्हा शुद्ध पाणी आणि मैलानिचरा यांची साधने तुटपुंजी होती. आज ती साधने हाताशी असताना पांगवणे हाच उपाय मानण्याचे कारण उरलेले नाही.

मंदिर परिसराच्या प्रस्तावित कॉरिडॉरचा वाद याच मुद्द्याशी येऊन भिडतो. बाधित होणारे रहिवासी आणि व्यापारी आपली घरे आणि दुकाने जातील म्हणून विरोध करत आहेत, आणि गर्दीच्या सुरक्षिततेसाठी रुंद रस्ते हवेत असे शासनाचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मंदिराभोवतीच्या अरुंद बोळांत चेंगराचेंगरीची शक्यता कुणी नाकारू शकत नाही. परंतु या चर्चेत वारकऱ्याचा विचार फक्त ये-जा करणारा देह म्हणून होतो, राहणारा माणूस म्हणून होत नाही. जुन्या पंढरपुरातले मठ, वाडे, धर्मशाळा आणि ज्यांच्या माडीवर एकाच गावची दिंडी पिढ्यान् पिढ्या उतरते अशी घरे हीच या शहराची यात्रेकरूंसाठीची खरी व्यवस्था आहे. अशी एक माडी पाडली गेली तर तीस-चाळीस माणसांचा मुक्काम जातो, आणि त्याबरोबर दोन कुटुंबांमधला जुना घरोबाही जातो. कोणताही आराखडा मंजूर करताना किती चौरस मीटर मोकळे झाले याच्याबरोबर किती माणसांचा उतारा गेला आणि त्याच्या बदल्यात मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरात किती निर्माण केला, याचा हिशेब जाहीर करणे बंधनकारक असले पाहिजे. तो हिशेब मांडल्याशिवाय एकही वीट हलवू नये, इतके माझे मत ठाम आहे.

मंदिराचा कारभार बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजारी घराण्यांकडून काढून कायद्याने स्थापन केलेल्या समितीकडे सोपवण्यासाठी १९७३ साली कायदा झाला आणि न्यायालयीन लढाई संपायला २०१४ उजाडले. त्यानंतर हे देवस्थान खऱ्या अर्थाने लोकांचे झाले, असे आपण म्हणतो. लोकांच्या देवस्थानाच्या समितीने आपले काम देवळाच्या भिंतीपाशी थांबवू नये. दर्शनाच्या सोयींवर जो निधी खर्च होतो, त्याचा ठरावीक वाटा मुक्कामावर खर्च व्हावा: स्त्रियांसाठी काठावर पक्के स्नानगृह आणि कपडे बदलण्याच्या खोल्या, कपडे वाळवायला छपराच्या मोकळ्या जागा, दिंड्यांना पौर्णिमेपर्यंत विनामूल्य जागा, आणि वर्षभर वापरात राहतील अशी शौचालये, जी कार्तिकी, माघी आणि चैत्री वारीलाही उपयोगी पडतील. पंढरपूर हे २०११च्या जनगणनेनुसार जेमतेम लाखभर वस्तीचे शहर आहे. त्याच्या नगरपालिकेच्या उत्पन्नावर दहा-बारा लाख पाहुण्यांची व्यवस्था उभी राहू शकत नाही, त्यामुळे हा भार राज्याने कायमच्या तरतुदीतून उचलायला हवा. दर वर्षी आषाढीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या मदतीवर पक्की बांधकामे होत नाहीत.

पौर्णिमेच्या काल्यानंतर सुरू होणाऱ्या परतीच्या वारीची उपेक्षा तर याहून मोठी आहे. माउलींची पालखी जाताना जे अंतर सतरा-अठरा दिवसांत कापते, ते परतताना साधारण दहा दिवसांत कापते. रोजची मजल लांब असते, सोबत मूठभर निष्ठावान वारकरी असतात, आणि पाऊस जोरात असतो. जाताना ज्या गावांच्या वेशीवर कमानी उभ्या होत्या तिथून ही पालखी भल्या पहाटे अंधारातून जाते, आणि त्याच चौपदरी रस्त्यावरून त्या वेळी अवजड वाहने पूर्ण वेगाने धावत असतात. जातानाचा बंदोबस्त तिला लागणार नाही. पुढेमागे पोलिसांची एकेक गाडी, एक रुग्णवाहिका, एक पाण्याचा टँकर, चार फिरती शौचालये आणि मुक्कामाच्या प्रत्येक गावात एक कोरडी शाळा एवढे पुरेसे आहे. पुणे, सातारा आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी आषाढीच्या नियोजनाची पहिली बैठक घेताना पालखी आळंदीत आणि देहूत परत पोहोचेपर्यंतच्या तारखा त्याच कागदावर लिहाव्यात आणि त्या तारखांसमोर जबाबदार अधिकाऱ्यांची नावेही लिहावीत.